मशालीच्या उजेडातलं चित्र छापल्यावर काळंठिक्कर होतंय

शाईपेन, सातारा:
अद्भुत कादंबरीमालेच्या पहिल्या भागासाठी आतली कृष्णधवल चित्रं करतोय. प्रसंग असा: नायिका रात्री मशाल घेऊन अष्टकोनी विहिरीत उतरते. विहिरीचा घाट साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीवरून घेतलाय. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरतो. पुस्तक डेमी, ५.५ × ८.५ इंच, ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून कॅनव्हास १७२५ × २६२५ पिक्सेल. टॅबवर छान दिसतं, पण ७० जीएसएम मॅपलिथोवर (पुस्तकाच्या साध्या, बिनचकाकीच्या कागदावर) प्रिंट काढली की पायऱ्या, भिंत, साडी सगळं एकच काळं. शिवाय विहिरीचे थर चेपलेल्या ताटांसारखे दिसतात. चुकतंय कुठे?

कृष्णाकाठ, सांगली:
मॅपलिथो शाई पितो. ठिपका कागदात पसरतो आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका मधल्या करड्याला बसतो. ५० टक्के करडा छापून सहज ७० दिसतो. सगळ्यात वर कर्व्हजचा (उजळ-गडद बदलणारा) फिल्टर लेयर टाका, मधला ५० टक्के करडा उजळून ३५ वर आणा, गडदातला गडद भाग ९० च्या पुढे जाऊ देऊ नका. टॅबचा ब्राइटनेस निम्मा करूनच काम करा, नाहीतर डोळा फसतो.

पण नुसत्या कर्व्हने भागणार नाही. सावलीवर सावली मल्टिप्लायने (खालचा रंग गडद करणाऱ्या लेयर मोडने) चढवली असेल तर आधी ते लेयर काढा, सावलीला एकच लेयर पुरे. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. म्हणजे मशालीपासून दुसऱ्या पायरीवर जेवढा उजेड, त्याच्या पावच चौथीवर. पायरीची आडवी धार पांढरी सोडा, उभी बाजू बुडू द्या. दगड तेवढ्यानेच कळतो. आणि उजेड नायिकेवर टाकण्यापेक्षा तिच्या मागच्या भिंतीवर टाका. गडद साडी उजळ भिंतीवर आपोआप उठते. चित्र १० टक्क्यांवर झूम आउट करून बघा: बाई आणि मशाल ओळखू आली पाहिजे.

घडीव दगड, कराड:
अष्टकोन सपाटच काढा. १००० पिक्सेलचा चौरस घ्या, प्रत्येक बाजूवर २९३, ४१४, २९३ अशा खुणा करा, कोपरे छाटा, मग ट्रान्सफॉर्ममधल्या पर्स्पेक्टिव्हने बसवा. एकच आकार कॉपी करून खाली सरकवलात म्हणून ताटं झाली. डोळ्याच्या पातळीजवळचा थर चपटा दिसतो, जसजसं खाली जावं तसतसा तो उघडत जातो.

आणखी एक. कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटा करून तपासता का? मग परत सुलटा करायला विसरू नका. पदर एका चित्रात डाव्या खांद्यावर आणि पुढच्यात उजव्या, हे मालेत लगेच खटकतं. नायिकेचं समोरून, तिरकं आणि बाजूने असं एक पान आधीच करून ठेवा.

शाईपेन, सातारा:
भिंत एवढी उजळली तर रात्र वाटेल का?

कृष्णाकाठ, सांगली:
वाटेल. मशालीभोवतीचा हातभर भागच उजळा, वरचं तोंड ९० टक्के काळं ठेवा.