ऱ्हस्वदृष्टी म्हणजे नेमकं काय? पोरीच्या चिठ्ठीवर तेच अन् पेपरातही तेच

पराटीवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. पुतणी आठवीत आहे, शाळेत डोळे तपासले अन् चिठ्ठीवर लिहून दिलं 'ऱ्हस्वदृष्टी, मायनस अडीच'. बाबा म्हणे ऱ्हस्व म्हणजे लहान, पोरीले बारीक अक्षर दिसत नसंन. पण पोरगी तं मोबाईलवरचं मुंगीएवढं अक्षर वाचते, तिले फळ्यावरचं दिसत नाही अन् येणारी एसटी कोणत्या गावाची हे पाटी पार जवळ येईपर्यंत समजत नाही, डोळे बारीक करून पाहत राहते. त्यात दुकानवाला म्हणे 'लांबचा चष्मा लागंल'. नजर जवळची अन् चष्मा लांबचा, हे कसं काय? दुसरं म्हणजे पेपरात कापसावर लेख होता, त्यात 'शेतकऱ्यांची ऱ्हस्वदृष्टी' छापलं होतं. मंग हा रोग होय का शिवी होय?

चष्मेवाला_आर्वी
दोन्ही बरोबर आहे भाऊ. ऱ्हस्वदृष्टी काय, निकटदृष्टी काय, हे नाव जेवढं दिसते त्यावरून पडलं, अन् चष्म्याचं नाव जे दिसत नाही त्यावरून. डोळ्याचा गोळा थोडा लांबट झाला की दूरच्या वस्तूचं चित्र दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते, म्हणून धुरकट. अंतर्वक्र भिंग, म्हणजे मायनसचं, ते चित्र मागे ढकलते. अडीच नंबर म्हणजे बिनचष्म्याचं साधारण ४० सेंटीमीटरपर्यंत साफ, त्याच्या पलीकडं धूसर होत जाते. फळा राहिला बाजूलाच, समोरच्या बाकावरच्या पोरीचं तोंडही नीट दिसत नसंन तिले. डोळे बारीक करते म्हणता ना, मायोपिया हा शब्द ग्रीकमधल्या डोळे मिटण्यावरूनच आला, फट लहान केली की थोडं स्पष्ट दिसते म्हणून हे लोकं तसंच पाहतात.

बाबा म्हणतात ती चाळिशी होय, ती वेगळी. तिच्यात पेपर हातभर लांब धरा लागते. अन् एक सांगून ठेवतो, गावात लय होते हे. साठी-सत्तरीचा माणूस अचानक म्हणतो मले आता चष्म्याबिगर पोथी वाचता येते, नजर परत आली. घरचे खुश. खरं तं मोतीबिंदू पिकून रायला असते, त्यानं भिंग घट्ट होऊन डोळा मायनसकडं सरकते, जवळचं दिसते अन् दूरचं जाते. असं कोणी म्हटलं की तपासायले न्या.

निवृत्त_मास्तर
शब्दाबद्दल दोन ओळी. दहावीच्या विज्ञानात निकटदृष्टिता आणि दूरदृष्टिता हे दोन्ही दोष म्हणून शिकवतात, आणि तोच पोरगा मराठीच्या तासाला निबंधात 'शिवरायांची दूरदृष्टी' लिहितो. एकदा वर्गात एकानं विचारलंच होतं की सर मग महाराजांना चष्मा होता का! डोळ्याच्या बाबतीत दूरदृष्टिता वाईट आणि बुद्धीच्या बाबतीत दूरदृष्टी चांगली, भाषेला त्याचं काही वाटत नाही. पेपरवाल्यांचा 'ऱ्हस्वदृष्टी' मात्र जरा कोरडा, पुस्तकी शब्द आहे. आपल्याकडं माणूस सरळ म्हणतो 'याले पुढचं दिसत नाही'. आणि ते 'कोती दृष्टी'शी एक करू नका. कोता म्हणजे संकुचित, मनानं लहान. ऱ्हस्वदृष्टीचा माणूस मनानं मोठा असू शकतो, फक्त उद्याचा हिशेब त्याच्याकडं नसतो.

बोंडअळी_त्रस्त
कापसाच्या लेखात फरदडीबद्दलच असंन ते, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी वावरात ठेवणं. डिसेंबरात पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून टाका म्हणतात, तरी लोकं पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत ठेवतात, दोन-चार क्विंटल जास्त निघते. पण गुलाबी बोंडअळीले मुख्यतः कपाशीच लागते खायले, मधात काही महिने वावर रिकामं राहिलं तं तिची साखळी तुटते. फरदड ठेवली की तिची सोय आपणच केली. २०१७ ले बोंडअळीनं कपाशीचं काय केलं ते यवतमाळवाल्यांले सांगा लागत नाही. बीटीच्या, म्हणजे बोंडअळीले मारणाऱ्या कपाशीच्या, पाकिटासोबत बिगरबीटीचं बियाणं येत होतं, अळी बीटीले सरावू नये म्हणून धुऱ्याच्या बाजूनं लावायले, तेही किती जणांनी बांधावर फेकलं! याले ऱ्हस्वदृष्टी नाही म्हणायचं तं काय म्हणायचं?

पराटीवाला_दारव्हा
थांबा भाऊ, इथंच मले खटकते. माह्या पुतणीले पाटी *दिसत नाही*. फरदड ठेवणाऱ्याले बोंडअळी चांगली दिसते, वर्षभर तोच फवारे मारते. पण मार्चमधी पीककर्ज भरा लागते, पोरीची फी त्याच टायमाले, अन् झाडावर बोंडं उभी आहेत. आता तुम्ही म्हणा उपट. दिसत असून करता येत नाही त्याले दृष्टीचा दोष कावून म्हणता?

बोंडअळी_त्रस्त
म्हणणं पटते, सगळ्यांले एकाच काठीनं हाकू नये. पण ज्याच्या घरी पैशाची अडचण नाही, विहिरीले पाणी हाय, तोही ठेवतेच ना? त्याच्यासाठी तरी शब्द राहू द्या.

संत्रा_वरूड
आमच्याकडं बोअर पाहा. एकाचं पाणी खाली गेलं की शेजारी त्याच्यापेक्षा खोल मारते, मंग पहिला अजून खोल. वरूड-मोर्शीचं पाणी कुठं गेलं ते सगळ्यांले माहीत, तरी बाग वाळताना डोळ्यानं पाहवत नाही म्हणून मशीन बोलावतेच माणूस. दारव्हेवाल्या भाऊचं म्हणणं मले जवळचं वाटते.

पराटीवाला_दारव्हा
बरं, चष्मेवाले भाऊ, आई म्हणते इतक्या लहानपणी चष्मा लावला तं नंबर वाढंल. अन् पोरगी म्हणते मले चिडवतात.

चष्मेवाला_आर्वी
चष्म्यानं नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळा वाढते म्हणून नंबर वाढते, चष्मा लावा की न लावा. वर्षातून एकदा तपासा, अन् रोज उजेडात बाहेर खेळू द्या, लहान पोरांमधी त्याचा फायदा दिसला आहे. सुरवातीले तिले जमीन खालीवर वाटंल, पायऱ्या उतरताना चाचपडंल, घाबरून काढून ठेवू देऊ नका. फ्रेम पोरीलेच निवडू द्या, आपल्या आवडीची असली की चष्मा दप्तरात राहत नाही.