टेनिससाठी नववीपासून ऑनलाइन शाळा: घ्यावी का?

कोर्टची_आई (डॅलस)
लेक आठवीत आहे. रोज तीन-साडेतीन तास टेनिस, महिन्याला दोन स्पर्धा, आणि शुक्रवार बुडाला की शाळेकडून हजेरीचं पत्र. कोच म्हणतात, नववीपासून ऑनलाइन शाळा घ्या, ऊन चढायच्या आत कोर्टवर या. माझं मत जवळजवळ ठरलंय. कॉलेजकडून खेळायचं तर एवढं करावंच लागतं. नवऱ्याला पटत नाही. विरोध जरूर करा, फक्त "मुलं एकलकोंडी होतात" एवढंच सांगायला येऊ नका. ते सासूबाईंकडून रोज ऐकते.

गणितमास्तर (न्यू जर्सी)
सासूबाई राहू द्या. एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेचे, नियम वाचलेत का? डिव्हिजन वनला, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या गटाला, १६ कोअर कोर्स (मुख्य विषयांचे) लागतात. त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत, आणि त्या दहातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. कोअर जीपीए, म्हणजे त्या कोर्समधल्या गुणांची सरासरी, किमान २.३. ऑनलाइन कोर्स चालतो, पण शिक्षकाने स्वतःहून मुलीशी नियमित संपर्क ठेवायला हवा आणि कोर्सला ठरलेली मुदत हवी. "व्हिडिओ बघा, चाचणी द्या, सहा आठवड्यांत भूमिती खलास" छापाचं काही कामाचं नाही. शाळा अ‍ॅक्रेडिटेड (मान्यताप्राप्त) आहे म्हणजे तिचा प्रत्येक कोर्स एनसीएए धरतंच असं नाही. मान्य कोर्सची यादी शाळेच्या नावाने त्यांच्या साइटवर मिळते. विषयवार तपासा.

उन्हातला_बाप (फ्लोरिडा)
मास्तर, ऑनलाइन म्हटलं की दुकानच का आठवतं? आमच्याकडे फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल १९९७ पासून आहे, सरकारी, राज्यातल्या मुलांना फुकट. माझा मुलगा तीन वर्षं तिथे शिकला. बाई फोन करून त्याला बोलतं करायच्या. वर्गात ३० पोरांत तो कधी तोंड उघडत नव्हता. शिवाय स्वतःचं वेळापत्रक सांभाळायला शिकला, ते कॉलेजात संघाबरोबर विमानात बसून असाइनमेंट करताना उपयोगी पडतंय.

रिकामटेकडा
पैशाचं कोणीच बोलत नाही, म्हणून मी. परवापर्यंत डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या टेनिस संघाला ८ स्कॉलरशिप होत्या, मुलग्यांच्या संघाला साडेचार! खेळाडूंच्या खटल्यात एनसीएएने केलेल्या २०२५ च्या तडजोडीनंतर, जी कॉलेजं त्यात आली तिथे ती मर्यादा गेली, पण संघ १० जणांचा झाला. दहाही जणांना पैसे दिलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. डिव्हिजन थ्री (सगळ्यात खालचा गट) आणि आयव्ही लीग (हार्वर्डसारखी नामांकित विद्यापीठं) तर खेळासाठी दमडी देत नाहीत. त्यात बऱ्याच जागा परदेशातून आलेल्यांकडे जातात. आपला सोमदेव देववर्मन भारतातूनच व्हर्जिनिया विद्यापीठात गेला आणि २००७, २००८ असं लागोपाठ एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद घेऊन बसला. तुमच्या लेकीची स्पर्धा शेजारच्या शाळेतल्या मुलीशी नाही, ताई.

बाकावरची
मी अशीच शिकले. अकरावीत खांदा गेला, आठ महिने रॅकेट बंद. एरवी दिवसभर कोर्टवर माणसं असायची, त्यामुळे काही जाणवलं नव्हतं. खांद्याबरोबर ती सगळी गेली आणि शाळा म्हणजे स्वयंपाकघरातला लॅपटॉप. सासूबाई अगदीच चूक नाहीत.

प्लेनोकर
डॅलसला असून हे कोणी सांगितलं नाही? टेक्सासमध्ये ऑफ-कॅम्पस पीई, म्हणजे शाळेबाहेर केलेलं शारीरिक शिक्षण, असतं. आठवड्याला किमान १५ तास वरच्या दर्जाचं प्रशिक्षण असेल तर पीईचं क्रेडिट बाहेरच मिळतं आणि रोज एक तास लवकर सुटता येतं. तुमच्या शाळांच्या डिस्ट्रिक्टने ती सोय ठेवलेली असली पाहिजे, एवढंच. एकदम शाळाच कशाला सोडायची?

कोर्टची_आई
एका तासातला अर्धा टोलवेवरच जातो हो. तरी बुधवारी काउन्सेलरला भेटते. मास्तर, यादी बघितली. कोचनी सुचवलेल्या शाळेची भूमिती आहे, बायोलॉजी नाही. मत बदललंय असं समजू नका, बायोलॉजी दुसरीकडून घेता येईल. पण ही गोष्ट कोचना माहीत नव्हती, याचा जरा रागच आलाय.