‘लेफ्ट हँड पाथ’ कोणी घडवला: पेडलने, स्टुडिओने की निक्के आंदर्शॉनने?

मंद्रसप्तक (प्रश्न)

नमस्कार. स्वीडिश डेथ मेटल (हेवी मेटलची गुरगुरत्या गायनाची, अतिशय आक्रमक शाखा) मन लावून ऐकणाऱ्या जाणकारांना एक प्रश्न विचारायचा आहे.

स्टॉकहोमच्या एन्टूम्ड या बँडचा ‘लेफ्ट हँड पाथ’ हा पहिला अल्बम जून 1990 मध्ये नॉटिंगहॅमच्या इअरएक रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. डिसेंबर 1989 मध्ये त्याचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा ड्रमवादक निक्के आंदर्शॉन आणि गायक एल. जी. पेत्रोव हे दोघेही अवघे सतरा वर्षांचे होते. गिटारवर उफे सेडरलुंड आणि अलेक्स हेलिड होते. स्वतंत्र बेसवादक त्या वेळी बँडमध्ये नव्हताच, त्यामुळे बेसचे काम सेडरलुंड आणि आंदर्शॉन यांनी आपसांत वाटून घेतले.

या अल्बमविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक वेळा बॉस कंपनीच्या एचएम-2 या डिस्टॉर्शन पेडलपाशी, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या, पायाने चालू करायच्या पेटीपाशी, येऊन थांबते. हे पेडल कारखान्यात तयार होऊन जगभर विकले जात होते आणि कोणालाही घेता येत होते. तरीही हा अल्बम याच चौघांच्या हातून का घडला? शिवाय काही जुने श्रोते आंदर्शॉनला या अल्बमचा खरा कर्ता मानतात. गिटारच्या आवाजासाठी नावाजलेल्या अल्बमचे श्रेय ड्रमवादकाला का दिले जाते, हे कोणी उलगडून सांगाल का?

---

खर्ज

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, पण पेडलची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण तिच्याविषयीही बरेच अर्धवट लिहिले जाते.

एचएम-2 हे पेडल 1983 मध्ये बाजारात आले आणि 1991 च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. काळ्या रंगाच्या या छोट्या पेटीवर चार नॉब आहेत. एक आवाजाच्या पातळीसाठी, एक डिस्टॉर्शनसाठी, आणि उरलेले दोन खालच्या व वरच्या स्वरपट्ट्यांचा रंग बदलण्यासाठी. हे शेवटचे दोन नॉब साध्या टोन कंट्रोलसारखे वागत नाहीत. एक 100 हर्ट्झच्या जवळपासचा भाग उचलतो, तर दुसरा 1 किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग अक्षरशः पुढे ढकलतो. बनवणाऱ्यांच्या मनात त्या काळच्या हेवी मेटल गिटारवादकांना मोठ्या अँपचा (ध्वनिवर्धकाचा) भास देणे एवढेच असावे. स्टॉकहोमच्या मुलांनी मात्र चारही नॉब उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवले. त्यातून जो खरखरीत, फाटका, तरीही भरदार आवाज निघाला, त्याला आज सगळे ‘चेनसॉ टोन’, म्हणजे यांत्रिक करवतीसारखा आवाज, म्हणतात.

इथे एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे, कारण अल्बमच्या श्रेयनामावलीत त्याचे वादन नाही. एन्टूम्डच्या आधी याच मंडळींचा निहिलिस्ट नावाचा बँड होता आणि त्यात लेफ कझ्नर हा गिटारवादक होता. नॉब शेवटपर्यंत फिरवून तो आवाज पहिल्यांदा काढण्याचे श्रेय बँडमधले लोक त्यालाच देत आले आहेत. निहिलिस्टचा ‘ओन्ली श्रेड्स रिमेन’ हा डेमो (अल्बमपूर्वीचे कच्चे ध्वनिमुद्रण) ऐकला की हे लगेच पटते. ‘लेफ्ट हँड पाथ’चा आवाज अल्बमच्या आधीच तिथे उभा आहे. पुढे कझ्नर कुटुंबासोबत कॅनडाला गेला आणि 2006 मध्ये त्याचे निधन झाले. ज्या आवाजावर एक अख्खी परंपरा उभी राहिली, त्याच्या जनकाचे नाव फार थोड्यांना ठाऊक असावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

---

पखवाजी

खर्ज यांनी कझ्नरचा उल्लेख केला, हे फार चांगले झाले. आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो.

माझे मत स्पष्ट आहे. हा अल्बम मुख्यतः निक्के आंदर्शॉनचा आहे, आणि तो ड्रमवर बसत असे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. बँडचे बहुतेक संगीत त्यानेच रचले आणि बँडचा लोगोही त्यानेच काढला. गिटार हाती घेऊन रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी सुरावट) रचणारा माणूस त्या रिफखाली ड्रम काय वाजणार हे आधीच ठरवून बसलेला असेल, तर रचनेची ठेवणच बदलते. ‘लेफ्ट हँड पाथ’मधले रिफ कान देऊन ऐका. पुष्कळसे रिफ साधे, चार-सहा स्वरांचे आहेत, आणि त्यांचा जोर ताल बदलण्याच्या जागांवर आहे. वेगवान भागातून संथ भागात उतरताना गिटार तीच राहते, पण ड्रमची चाल निम्म्यावर येते आणि अंगावर ओझे पडल्यासारखे वाटते. ही गिटारवादकाची नव्हे, लयीत विचार करणाऱ्याची रचना आहे.

त्याच्या ड्रमवादनाची मुळेही लक्षात घ्यायला हवीत. त्या काळच्या अमेरिकन डेथ मेटलमध्ये सफाई आणि वेग यांची चढाओढ चालू होती. आंदर्शॉन डेथ, ऑटॉप्सी आणि रिपल्शन हे अमेरिकन बँड ऐकत होताच, पण त्याच्या हातात हार्डकोर पंक या वेगवान, रांगड्या संगीताची चाल मुरलेली होती. इंग्लंडच्या डिस्चार्ज या बँडने रूढ केलेली आणि अँटी सिमेक्स, मॉब 47 अशा स्वीडिश बँडनी आपलीशी केलेली ती पुढे झेपावणारी चाल, जिला डी-बीट म्हणतात, ती या अल्बमच्या वेगवान भागांमध्ये सर्वत्र ऐकू येते. म्हणूनच विषय प्रेतांचा आणि कुजण्याचा असूनही या संगीतात एक उसळी आहे आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलू लागते.

आणखी एक गोष्ट बाहेर सहसा बोलली जात नाही. हा अल्बम स्टुडिओत अचानक जन्मला नाही. ‘सपोज्ड टू रॉट’, ‘रेव्हेल इन फ्लेश’, ‘व्हेन लाइफ हॅज सीज्ड’ ही गाणी निहिलिस्टच्या डेमो कॅसेटवर आधीच येऊन गेली होती आणि टपालाने कॅसेटची देवाणघेवाण करणाऱ्या श्रोत्यांकडून ती देशोदेशी पोहोचली होती. 1989 मध्ये बेसवादक जॉनी हेडलुंडशी मतभेद झाल्यावर निहिलिस्ट मोडला. हेडलुंडने अनलीश्ड काढला आणि बाकीचे जवळजवळ लगेचच एन्टूम्ड या नावाने पुन्हा एकत्र आले. म्हणजे ज्याला आपण पदार्पणाचा अल्बम म्हणतो, तो दोन-अडीच वर्षांच्या घासून घेतलेल्या कामाचा पक्का खर्डा आहे.

---

ध्वनिवेध

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले आणि ते बहुतांशी पटतात. फक्त जिथे हा अल्बम मुद्रित झाला तो सनलाइट स्टुडिओ आणि त्याचा निर्माता तोमास स्कोग्सबर्ग यांना इतक्या सहज बाजूला ठेवता येणार नाही, असे मला वाटते.

स्कोग्सबर्गची जागा समजण्यासाठी फ्लोरिडाशी तुलना उपयोगी पडते. टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत त्याच सुमारास अनेक डेथ मेटल अल्बम होत होते आणि तिथल्या ध्वनीत प्रत्येक वाद्य वेगळे, कोरडे आणि रेखीव ठेवण्याकडे कल होता. सनलाइटमध्ये गिटारची जाड भिंत सगळ्यांच्या पुढे आली. तिच्यामुळे ड्रमचा काही तपशील झाकला जातो आणि बेस तर बराचसा गिटारमध्येच विरघळतो. दुसऱ्या एखाद्या निर्मात्याने हा गोंगाट ‘सुधारला’ असता, मुलांना पेडल बंद करायला सांगितले असते. स्कोग्सबर्गने तो आवाज जपला आणि बाकीचे मिक्सिंग त्याच्याभोवती बांधले. सतरा वर्षांच्या मुलांवर असा विश्वास टाकणारा माणूस त्या खोलीत होता, हे मला पेडलपेक्षा मोठे वाटते.

याचा पुरावाही उपलब्ध आहे. 1991 मध्ये आलेले डिसमेंबर आणि ग्रेव्ह या बँडचे पहिले अल्बमही सनलाइटमध्येच झाले आणि त्यांचे नाते ऐकताक्षणी कळते. याउलट हेडलुंडच्या अनलीश्डने आपला पहिला अल्बम जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या वुडहाउस स्टुडिओत केला. मूळ निहिलिस्टचेच, पण त्याचा आवाज वेगळा आहे. अर्थात सनलाइटच्या वाटेचा तोटाही झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत इतक्या बँडनी तोच ध्वनी मागितला की कित्येक अल्बम एकमेकांपासून ओळखणे कठीण होऊन बसले.

---

मंद्रसप्तक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पखवाजी, एक शेवटची विनंती. ध्वनिवेध म्हणतात तसे स्टुडिओचा ठसा इतका ठळक असेल, तर आंदर्शॉनचा हात त्यापासून वेगळा कसा ओळखायचा? एखादे ठिकाण दाखवून देऊ शकाल का?

---

पखवाजी

नक्कीच. शीर्षकगीत घ्या. साडेसहा मिनिटांच्या आसपास चालणारे हे गाणे पेत्रोवच्या किंकाळीने उघडते आणि पहिला अर्धा भाग डेथ मेटलच्या ओळखीच्या वाटेने धावतो. मग वेग उतरतो, आणि ‘फँटॅझम’ या 1979 च्या भयपटाचे सूत्रसंगीत सुरू होते. तिथून पुढे गाण्यात पेत्रोवचा आवाज जवळजवळ लागत नाही. संथ ड्रमवर एक उदास चाल फिरत राहते, तिच्यावर गिटारचे लांब, गाते स्वर येतात आणि गाणे तसेच विझत जाते. पदार्पणाच्या अल्बममधले पहिलेच गाणे, तेही इतक्या आक्रमक बँडचे, अर्धे शांत वाद्यसंगीताला देऊन टाकायचे, हा निर्णय पेडल घेत नाही आणि स्टुडिओही घेत नाही. तो रचनाकाराचाच असतो, आणि अशा उत्तरार्धामुळेच हा अल्बम आजही नुसता ‘आवाजाचा अल्बम’ उरलेला नाही.

त्याचा हात ड्रमपुरता नव्हता, हे पुढच्या वर्षभरातच दिसले. डिसमेंबरच्या पहिल्या अल्बमवर बहुतेक गिटार सोलो आंदर्शॉनने वाजवले आहेत. 1991 मध्ये पेत्रोव बँडबाहेर असताना आलेल्या ‘क्लँडेस्टाइन’ या एन्टूम्डच्या दुसऱ्या अल्बमवर नाव दुसऱ्या गायकाचे असले तरी प्रत्यक्ष गायला आंदर्शॉनच आहे. 1997 मध्ये तो एन्टूम्ड सोडून आपल्या हेलाकॉप्टर्स या रॉक बँडकडे पूर्ण वेळ गेला आणि तिथे तर तो गातो आणि गिटार वाजवतो.

मात्र एका बाबतीत मी स्वतः आग्रही आहे. आंदर्शॉनने गायलेला दुसरा अल्बम आणि पेत्रोवने गायलेला पहिला अल्बम लागोपाठ ऐकले की पेत्रोवचे मोल कळते. त्याच्या ग्राउलमध्ये, म्हणजे गुरगुरत्या गायनात, शब्द ऐकू येतात, राग ऐकू येतो, आणि त्या गिटारच्या भिंतीतून आरपार येण्याची ताकद त्या आवाजात होती. मार्च 2021 मध्ये पित्तनलिकेच्या कर्करोगाने तो गेला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. आंदर्शॉनने रचलेली ही गाणी त्याच्याच गळ्यातून लोकांपर्यंत गेली. म्हणून आपण ऐकताना आधी ‘ओन्ली श्रेड्स रिमेन’ ऐका, मग हा अल्बम आणि त्यानंतर ‘क्लँडेस्टाइन’. या क्रमाने कझ्नर, आंदर्शॉन, स्कोग्सबर्ग आणि पेत्रोव या चौघांनी काय काय दिले, ते वेगवेगळे ऐकू येईल.