मदत हवी आहे : ड्यूररच्या चित्रातील मूस आणि गुरूचा चौकोन

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या १५१४ सालच्या ‘मेलेन्कोलिया १’ (मेलेन्कोलिया म्हणजे खिन्नता) या ताम्रपट-मुद्राचित्रावर मी एक टिपण लिहीत आहे आणि दोन ठिकाणी अडलो आहे.

चित्रातील पंखधारी स्त्री हाताशी अवजारे असूनही गालावर मूठ टेकवून बसलेली आहे. त्या काळच्या वैद्यकानुसार खिन्नतेचे मूळ शरीरातील काळ्या पित्तात होते आणि त्या पित्तावर शनीचा अंमल मानला जाई. मात्र इटालियन तत्त्वज्ञ फिचिनोने १४८९ मध्ये हाच शनी विद्वानांचा व प्रतिभावंतांचा ग्रह ठरवला. तिच्या डोक्यामागे भिंतीवर सोळा घरांचा चौकोन आहे. त्याच्या प्रत्येक ओळीची, स्तंभाची आणि कर्णाची बेरीज ३४ येते आणि तळच्या ओळीत १५ व १४ शेजारी बसवून ड्यूररने साल नोंदवले आहे. गूढविद्येचा जर्मन अभ्यासक अग्रिप्पा याने असे चौकोन ग्रहांना वाटून दिले; त्या मांडणीत सोळा घरांचा चौकोन गुरू ग्रहाचा आहे, म्हणून शनीच्या जाचावर उतारा म्हणून तो तेथे असल्याचे मत मला पटते. (खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातील चौकोनाची बेरीजही ३४ आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.)

अडचण मुशीची, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्याची, आहे. बहुफलकी दगडामागे ती धगधगत आहे. हलक्या धातूचे सोने करू पाहणाऱ्या किमयागारांच्या प्रक्रियेत द्रव्य प्रथम काळे पडते. त्या अवस्थेचा येथे संकेत मानावा, की ते केवळ सोनाराचे साधन समजावे, कारण ड्यूररचे वडील सोनार होते? शिवाय ‘किमया’ शब्दाला आज चमत्काराचा अर्थ चिकटला असताना या विद्येसाठी तोच वापरावा, की ‘रसविद्या’ म्हणावे? जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे.