मदत हवी आहे: मंगळाच्या हवेचा हिशोब जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, दोन दिवस हे डोकं खातंय म्हणून इथे टाकतोय. सगळीकडे एकच वाचायला मिळतं की मंगळाचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४ अब्ज वर्षांपूर्वी बंद पडलं आणि मग ते कवच गेल्यामुळे सौरवाऱ्याने (सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताने) हवा ओरबाडून नेली. ठीक. मग मंगळाभोवती फिरून त्याची हवा मोजणाऱ्या नासाच्या मावेन यानाचा आकडा दिसला, सेकंदाला साधारण १०० ग्रॅम वायू निसटतो, तो घेऊन ४ अब्ज वर्षांचा गुणाकार केला तर आले साडेबारा लाख कोटी टन, आणि मंगळावर आज जी विरळ हवा उरलीये तीच मुळी २५ लाख कोटी टनांच्या आसपास! म्हणजे एवढ्या काळात गेली किती, तर आजच्या निम्मी. आजचा दाब जेमतेम ६ मिलीबार, त्यात निम्मी भर घालून नद्या कशा वाहतील? आणि मंगळावरच्या जेझेरो विवरात नदीने बनवलेला त्रिभुज प्रदेश तर फोटोत ढळढळीत दिसतो. शून्यं चुकली असतील म्हणून तीनदा केलं.

वर शुक्र आहेच. त्यालाही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, सूर्याच्या जास्त जवळ, तरी पृथ्वीच्या ९० पट दाब घेऊन मजेत बसलाय. मग हे चुंबकीय कवच प्रकरण कितपत खरं? लिंक नको, सरळ भाषेत सांगा प्लीज.

प्रतिसाद: गुणाकार बरोबर आहे, आजचा दर तसाच मागे नेलात तिथे घोळ झाला. तरुण सूर्य अतिनील आणि क्ष-किरणं कितीतरी जास्त ओकायचा, वादळंही जास्त, आणि आजसुद्धा सौरवादळ आलं की गळती वाढते हे मावेननेच मोजलंय. शिवाय थोडा कार्बन डायॉक्साइड कार्बोनेट (एक प्रकारचं खनिज) होऊन खडकात गेला. शुक्राचं म्हणाल तर तिथून निसटायला सेकंदाला १०.४ किमी वेग लागतो, मंगळावरून ५ पुरतो. आणि तोही काही सुटलेला नाही, त्याचं पाणी गेलं, त्यातला हलका हायड्रोजन जास्त निसटला आणि जड मागे उरला, जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींवर आहे ते त्यामुळेच. कवच महत्त्वाचं आहे पण एकट्या त्याच्यावर सगळं ढकलणं मला तरी पटत नाही. मंगळाच्या हवेतल्या अर्गॉन वायूचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) बघा, हलके जास्त निसटतात, त्यावरून कळतं की, साधारण दोन तृतीयांश अर्गॉन अवकाशात गेलाय.

धागाकर्ता: अच्छा! पण अर्गॉनच का?

प्रतिसाद: तो कशाशी रिॲक्ट होत नाही, खडकात मुरत नाही. कमी झाला म्हणजे वरूनच गेला.