बाहुला बसूनच भीती घालतो! ('डेड सायलेन्स', तात्या विंचू आणि बाकीचं भांडण)

मिटलेले ओठ

'रात्रीचा खेळ' यांनी काल दुसऱ्या धाग्यावर फेकलेलं वाक्य: "'डेड सायलेन्स'मधले बाहुले नुसते बसून असतात. बाहुला सुरी घेऊन अंगावर आला तर भीती. 'झपाटलेला'मधला तात्या विंचू हॉलिवुडच्या दहा पावलं पुढे." खाली +१ ची रांग. तिथे उत्तर लिहायला घेतलं तर ते वाक्याच्या वीसपट झालं, म्हणून वेगळा धागा.

शब्दभ्रमकार म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलता करणारा कलाकार. त्याचा बाहुला पळत नाही, कारण त्याला पळायला पायच नसतात. विजारीत भरलेला कापूस आणि खाली शिवलेले बूट, एवढेच त्याचे पाय. सगळी करामत डोक्यात. धड पोकळ, पाठीला हात जाईल एवढी खाच, आत डोक्याला बसवलेली दांडी. दांडीवर अंगठ्याखाली जबड्याची कळ, शेजारी डोळ्यांची, जरा महागातल्या बाहुल्यात भुवयांची किंवा पापण्यांची. कळ दाबली की दोरी ओढली जाते, सोडली की स्प्रिंग जबडा मिटवते. ओठांच्या कोपऱ्यांतून हनुवटीकडे उतरणाऱ्या दोन रेघा म्हणजे सुरकुत्या नव्हेत. जबड्याची फळी जिथे वरखाली सरकते ती फट आहे ती.

ज्याला मान वळवणं, डोळे फिरवणं आणि तोंड उघडणं एवढंच येतं, त्याची भीती त्या तीन हालचालींतूनच यायला हवी. 'डेड सायलेन्स'च्या दिग्दर्शक जेम्स वॉनने २००७ मध्ये तेच केलं. त्यातला मुख्य बाहुला बिली खुर्चीत आहे तिथेच आहे, कॅमेरा फिरून परत आला की फक्त नजर सरकलेली. मोडक्या नाट्यगृहात मेरी शॉ या मेलेल्या शब्दभ्रमकार बाईचे सगळे बाहुले एकदम माना वळवतात, तेव्हा एकही जागचा उठत नाही. उठला असता तर हसू आलं असतं.

आणि जीभ. मेरी शॉसमोर जो किंचाळतो त्याची ती जीभ उपटते. लोकांना हा नुसता किळसवाणा प्रकार वाटतो. पण ओठ मिटल्यावर शब्दभ्रमकाराच्या हाती उरतं काय? ओठांचं सगळं काम जीभच करते. गावाने तिची जीभ कापली आणि ती मेल्यावर लोकांच्या जिभा गोळा करते, यात धंद्याचं पूर्ण गणित आहे.

रात्रीचा खेळ

साहेब, आम्ही सिनेमा बघायला गेलो होतो, आयटीआयच्या फिटर ट्रेडला नाही.

अंगात आत्मा शिरल्यावर कळ, दोरी आणि स्प्रिंगचा हिशेब कशाला? भूत पाय चालवू शकत नसेल तर ते भूत कसलं? तुमचा सिनेमा सुमारे २ कोटी डॉलर खर्चून कमाई त्याच्या जरा वर. लेखक ली व्हॅनेलने स्वतःच नंतर ब्लॉगवर त्याची लक्तरं काढली. इकडे १९९३ चा 'झपाटलेला' अजून टीव्हीवर लागला की घरातला रिमोट गायब होतो. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. शब्दभ्रमाच्या घराण्यातूनच आलाय तो. त्याला पाय फुटले म्हणून तुमच्या का पोटात दुखतंय?

जिभेचा पट्टा

'चाइल्ड्स प्ले'मधला बाहुला चकी १९८८ चा. मरताना मंत्र म्हणून बाहुल्यात शिरणारा गुन्हेगार आणि ज्याला पहिल्यांदा खरं सांगितलं त्याच्याच शरीरात जायचा नियम, हे सगळं तिकडून उचललेलं. त्यामुळे "दहा पावलं पुढे" जरा जपून.

आता खरी गंमत. तात्या विंचू हे नाव शब्दभ्रमकाराला आंदण आहे. त, त्य, च, कुठेही ओठ मिटत नाहीत, एक व तेवढा. पण मंत्र कोणता दिला? 'ओम फट् स्वाहा'. म, फ आणि व! ओठांची तीन अक्षरं एका दमात. बाहुला हातावर घेऊन हा मंत्र रंगमंचावर म्हणायचा झाला तर फजितीच. 'डेड सायलेन्स'मध्ये पोरगं भर खेळात मेरी शॉला ओरडून सांगतं ना, तुझे ओठ हलताना दिसले, तस्सं.

खुर्चीखालचा

इथे ज्ञान पाजळण्याआधी जरा तोंड हलवून, म्हणजे न हलवता, बघत जा.

'ओम'मधला म अडत नाही. तो शेवटी आहे, त्यामुळे ओठ न मिटता जिभेचा मागचा भाग टाळूला लावून ङ सारखा नाकातून सोडायचा. कानाला 'ओं'च ऐकू येतो. 'स्वाहा'तला व मराठीत तसाही सैल. जीभ मागे उचलून 'सुआहा' करा, कोणाला पत्ता लागणार नाही. अडतो तो एकटा फ.

आणि तुमच्या 'बिनओठांच्या' विंचूतला शेवटचा ऊ विसरलात. त्याला ओठांचा चंबू होतो. तो चपटा ठेवून म्हणायलाही सराव लागतो.

जिभेचा पट्टा

चंबू होणं वेगळं आणि ओठ मिटणं वेगळं. ऊ चपट्या ओठांनी नवखाही दोन दिवसांत म्हणतो. फाटे फोडू नका. फ बद्दल तुम्हीही तेच म्हणताय, मग माझं चुकलं कुठे?

खुर्चीखालचा

"ओठांची तीन अक्षरं" इथे चुकलं. तीन नव्हे, एक.

फ चा रस्ताही सांगतो, म्हणजे वाद मिटेल. ओठ बोटाच्या नखाएवढे विलग, दात जेमतेम टेकलेले, चेहऱ्यावर उगाच आलेल्या हसण्याचा भाव. ओठांची अक्षरं जिभेवर ढकलायची: प चा त, ब चा द, म चा न, फ चा थ, भ चा ध. नुसतं ढकललं तर बोंब होते. 'मामा'चे 'नाना' होतात, 'बाबा'चे 'दादा', नातीच बदलतात. 'बिली'ची तर 'दिली' होते. म्हणून जिभेचं टोक दातावर दाबायचं नाही. टोकामागचा चपटा भाग वरच्या हिरडीला हलका लावायचा, मनात ब म्हणायचं आणि सोडायचं. जोर लावला की स्वच्छ द ऐकू येतो. हळू सोडलं की कान उरलेला ब स्वतः भरतो, कारण वाक्यात तिथे ब च बसणार हे त्याला माहीत असतं.

फ आणि भ मात्र यात फसतात. श्वासाचा झोत ओठांना लागतो आणि खालचा ओठ थरथरतो. झोत कमी केला तर फ चा त होतो. 'फट्' मध्ये वाचवतो तो ट्. फ अर्धा गिळून ट् ठणकावला की काम भागतं, आणि नेमक्या त्याच क्षणी बाहुल्याची मान झटकायची. प्रेक्षक मान बघतो.

कळसूत्री

धाग्याचा विषय भीती आहे, बाराखडी नव्हे. आणि कृपा करून सगळ्याला कठपुतळी म्हणणं थांबवा. कठपुतळी वरून दोऱ्यांनी नाचते. हा बोलका बाहुला. इथे तरी कोणी अजून म्हटलेलं नाही, पण म्हणणार आहात.

शब्दभ्रमावरची भीती बघायची तर १९७८ चा 'मॅजिक' बघा. भूत नाही, मंत्र नाही, जिभा उपटणं नाही. एजंट शब्दभ्रमकार झालेल्या अँथनी हॉपकिन्सला सांगतो, तुझ्या बाहुल्याला, फॅट्सला, फक्त पाच मिनिटं गप्प ठेवून दाखव. त्याला जमत नाही. एवढंच. घड्याळ बघत बसलेला एक माणूस आणि घाम फुटलेला दुसरा. त्या प्रसंगापुढे तुमच्या मेरी शॉचे १०१ बाहुले म्हणजे खेळण्यांचं दुकान.

रात्रीचा खेळ

भूत नसेल तर तो भूतपट नव्हे. दुसरा धागा काढा.

बाकी, पाध्यांच्या घरच्या बाहुल्याच्या, 'अर्धवटराव' या नावातही ओठांचं अक्षर नाही, फक्त व. थोरल्या पाध्यांनी, म्हणजे रामदासांच्या वडिलांनी, हे सगळं जाणून केलं असणार. हॉलिवुडवाल्यांना हे कळतं का?

मिटलेले ओठ

मग अर्धवटरावाच्या बायकोच्या नावात, आवडाबाईत, ब कुठून आला? नावावरून हवेत इमले बांधू नका. अमेरिकी शब्दभ्रमकार एडगर बर्गनच्या बाहुल्याचं नाव चार्ली मॅकार्थी, त्यात ठसठशीत म. शिवाय बर्गनचे ओठ तर चक्क हलायचे. तरी १९३७ ते १९५६ रेडिओवर चालला. रेडिओवर ओठ कोण बघतो म्हणा.

तो चालला कारण दोन माणसं भांडताहेत असं वाटायचं. ओठ हा शब्दभ्रमाचा छोटा भाग आहे. मोठा भाग म्हणजे बाहुला गप्प असताना काय करतो. शब्दभ्रमकार बोलत असताना बाहुल्याने त्याच्याकडे बघायला हवं, मग प्रेक्षकांकडे, कंटाळून छताकडे. हे विसरलं की हातावर लाकूड उरतं. 'डेड सायलेन्स'ने हे उलटं फिरवलंय: हातावर कोणी नाही, लाकूड लाकडासारखंच बसलंय, आणि बघतंय.

जिभेचा पट्टा

हे पटलं असतं, पण सिनेमाने मूळ गोष्टच घालवली. आवाज 'फेकता' येत नाही. तो निघतो घशातूनच. कान दिशेच्या बाबतीत आळशी असतो, डोळ्याला जिथे तोंड हलताना दिसतं तिथे तो आवाज नेऊन ठेवतो. म्हणजे प्रकाश हवा आणि हलणारा जबडा दिसायला हवा. अंधारात शब्दभ्रम होतच नाही. आणि वॉन अर्धा सिनेमा अंधारात काढतो!

खुर्चीखालचा

अंधारात मेरी शॉ शब्दभ्रम करतच नाही हो, ती भूत आहे. तेव्हा तर उलट आवाज जातात. नायकाची बायको मरायच्या आधी किटलीची शिट्टी विरत जाते आणि खोली बहिरी होते. त्या बहिरेपणात किंचाळलात तर जीभ गेली. शिकवायचा उत्साह आवरा जरा.

जिभेचा पट्टा

शिकवणी कोणी घेतली ते वर दिसतंय. जिभेचा चपटा भाग आणि हिरडी आणि काय काय. दंतवैद्य आहात का?

कळसूत्री

किटलीचा मुद्दा बरोबर आहे. दुर्दैवाने. पण बायकोचा प्रसंग संपला की सिनेमाला स्वतःचा नियम आठवतो तो सोयीने. कुठे शांतता येते, कुठे चार्ली क्लाउझरचं संगीत धाडकन वाजतं. शांततेवर उभा असलेला सिनेमा आणि दचकवायला ढोल? शेवटी उलगडणारा नायकाचा बाप मात्र झकास. पाठीत खाच असलेला माणूस, सुरुवातीपासून खुर्चीत बसलेला आणि मागे उभी असलेली बाई. एकदा कळल्यावर पुन्हा बघितलं तर तिचा हात सतत कुठे असतो ते दिसतं.

मिटलेले ओठ

हेच तर म्हणतोय! तो बाप जागचा उठत नाही. बसून राहतो म्हणून शेवट बसतो. तात्याला चालवलं की मग त्याच्या मागे कोण आहे हा प्रश्नच मरतो, आणि बोलक्या बाहुल्यात भीतीदायक तेवढा एकच प्रश्न असतो.

रात्रीचा खेळ

ठीक. बिलीची नजर सरकते तो शॉट चांगला आहे, आणि बापाचं बसणंही मान्य. तेवढंच. दोन प्रसंगांसाठी दीड तास कोणी बसायचं? 'झपाटलेला' लोक लहान पोरांना मांडीवर घेऊन बघतात, पोरं घाबरतात आणि हसतात. दोन्ही एका तिकिटात. तुमच्या मेरी शॉचा एक संवाद कोणाला पाठ आहे का? 'ओम फट् स्वाहा' कोणालाही विचारा.

जिभेचा पट्टा

कोणालाही विचारा, फक्त ओठ न हलवता म्हणायला सांगा.

खुर्चीखालचा

आधी फ ची बाराखडी. फ, फा, फि, फी. आरसा समोर ठेवून. फू ला पोचलात की कळवा.