क्षमा, माफी की ‘ऋण सोडले’?

रंकाळाकाठ : आमच्या गल्लीतील एका ख्रिस्ती कुटुंबाचा तरुण मुलगा गेल्या वर्षी रस्त्यावरील अपघातात गेला. वर्षस्मरणाच्या प्रार्थनेसाठी त्याच्या परदेशस्थ बहिणीने इंग्रजीत मजकूर पाठवला असून तो मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ट्रकचालकाविषयी मी ‘आम्ही त्याला माफ केले आहे’ असे लिहिले, तेव्हा मुलाच्या आईने शांतपणे विचारले, ‘भाऊ, माफ कर म्हणून तर आपण दारातल्या भिकाऱ्याला पुढे पाठवतो, तोच शब्द इथे कसा चालेल?’ त्यांना येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतील ‘ऋण सोडले’ हवे आहे. पण तसे छापले तर लोक नुकसानभरपाईचा अर्थ घेतील. जाणकारांनी सुचवावे.

तिसरी पिढी : कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये लहानपणापासून आम्ही ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असेच म्हणत आलो, कारण बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘देणे’ असा आहे. लूकच्या शुभवर्तमानात याच ओळीच्या पहिल्या अर्ध्यात ‘पापे’ म्हटले, तरी दुसऱ्या अर्ध्यात ऋणी आलाच. मत्तयाच्या १८व्या अध्यायातील दास स्वतःचे १०,००० तालांतांचे प्रचंड ऋण राजाने सोडल्यावर १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा ती रक्कमही थोडी नव्हे. सोडणाऱ्याला तोशीस लागतेच आणि त्या माउलीला तेच म्हणायचे असावे.

शुद्धलेखणी : ‘माफ’ अरबीतून फारसीमार्गे आलेला, सारामाफी आणि कर्जमाफी सरकारने द्यावी. आपला शब्द ‘क्षमा’. ‘क्षम्’ म्हणजे सहन करणे, म्हणून तर पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. ‘ऋण सोडले’ हे मिशनऱ्यांचे शब्दशः भाषांतर आहे, मराठीचे वळण नव्हे.

गूळबाजार : मिशनऱ्यांचे कसे? शाहूपुरीतील आमच्या दुकानाच्या उधारीच्या वहीत आजोबा एखाद्या नावावर तिरपी रेघ मारून शेजारी ‘सोडले’ असे लिहीत. एका सुताराने खोटे नाव सांगून ७४० रुपयांचा माल नेला होता. पुढे त्याचे वडील वारले, तेव्हा आजोबा मयताला जाऊन आले आणि आंघोळ होताच त्यांनी वही काढून रेघ मारली. त्यानंतर तो दुकानावरून जाताना दिसला की ते त्याला चहाला हाक मारीत. चुलते त्याच नोंदीला ‘बुडाले’ म्हणत आणि आजोबांचे उत्तर ठरलेले असे : ‘बुडवणारा तो, सोडणारा मी.’

शुद्धलेखणी : वहीतील ‘सोडले’ रकमेला लागते, माणसाला नव्हे. ‘चालकाला सोडले’ म्हटले तर पोलिसांनी सोडले, असाच अर्थ होईल.

तिसरी पिढी : या न्यायाने ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ यातील ‘प्रीती’ही काढावी लागेल, कारण चर्चबाहेर ती फक्त प्रेमिकांसाठी उरली आहे. आम्ही ती वैऱ्यासाठीच राखून ठेवली, यात मराठीचे काय बिघडले?

गूळबाजार : ‘बुडीत’ आणि ‘बुडवे’ यांवर वेगळे लिहिले पाहिजे. आमच्याकडे ‘बुडव्या’ ही शिवी आहे, पण ‘सोडव्या’ असा शब्दच नाही.

रंकाळाकाठ : मजकूर उद्या राजारामपुरीतील छापखान्यात द्यायचा आहे आणि त्या वाक्याची जागा अजून कोरी आहे. मघाशी आईंना वहीतील रेघेची गोष्ट वाचून दाखवली. शब्दाविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. आजोबा हाक मारीत तेव्हा तो सुतार चहाला येत असे का, एवढेच त्यांनी विचारले.